संध्याकाळी सहानंतर येऊ द्या

पुणे शहर आणि आसपासच्या तालुक्यांत बौद्धिक अक्षम प्रौढांसाठी निवासी संस्था चालवणाऱ्या सर्व विश्वस्त, संचालक आणि अधीक्षक मंडळींना,

स.न.वि.वि.

हे पत्र एका विसरलेल्या चष्म्यामुळे लिहिते आहे.

गेल्या एप्रिलात मी आणि माझे यजमान मुळशीकडची एक संस्था बघायला गेलो होतो. अकराची वेळ मिळाली होती, पावणेअकरालाच पोचलो. दारात रांगोळी. सतरा-अठरा जणांनी स्वागतगीत म्हटलं आणि पुढच्या रांगेतल्या, कानावरचे केस पांढरे झालेल्या एका गृहस्थांनी माझ्या हातात क्रेप कागदाचा गुलाब ठेवला. मग पणत्या रंगवायचा विभाग, कागदी पिशव्यांचा विभाग, व्यायामाची खोली. तिथल्या सायकलच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं, ते माझ्या नजरेला आलं, पण मी मनातल्या मनात त्याला माफ करून टाकलं. निघताना वरण-भात, मटकीची उसळ, जिलबी. गाडीत बसल्यावर मी यजमानांना म्हटलंसुद्धा, "झालं बाई एकदाचं."

पौडला त्यांच्या मावसभावाकडे थांबलो, गप्पांत दुपार गेली. निघायच्या वेळी लक्षात आलं की चष्मा संस्थेच्या ऑफिसातच राहिलाय. परत गेलो तेव्हा सव्वासहा झाले होते. फाटकाला कुलूप होतं. वॉचमन म्हणाला, "मॅडम, मुलं झोपली."

एप्रिलात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. उन्हं अजून भिंतीवर होती. तो चष्मा आणायला आत गेला आणि मी फाटकाशी उभी राहिले. समोरच्या हॉलच्या खिडकीत गज धरून कुणी उभं होतं. सकाळचे गुलाबवाले. त्यांनी मला ओळखलं. मी हात हलवला. त्यांनी हलवला नाही, ओठांवर बोट ठेवलं आणि मला गप्प राहायची खूण केली.

स्वयंपाकाच्या बाई साडेपाचच्या गाडीने जातात, म्हणून जेवणं पाचला. रात्रपाळीला एकच माणूस, म्हणून सगळे सहाला अंथरुणात. हे मला वॉचमननेच सांगितलं, अगदी सहज, काही लपवायचं असं त्याच्या मनातही नव्हतं.

आता आमच्याबद्दल. माझा भाऊ बाळकृष्ण, घरचा बाळू, ४६ वर्षांचा आहे. डाऊन सिंड्रोम. आई ७९ची. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. मी बँकेतून निवृत्त झाले, माझे गुडघे आता मला विचारून चालतात. बाळू १९७९ साली जन्मला तेव्हा डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की अशी मुलं वीस-पंचवीस वर्षांच्या पुढे जात नाहीत. तेव्हा ते खोटं नव्हतं. अमेरिकेतसुद्धा १९८३च्या सुमाराला डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान पंचविशीच्याच घरात होतं. आज ते साठीच्या आसपास आहे. हृदयातल्या छिद्रांची शस्त्रक्रिया होऊ लागली, छातीच्या संसर्गांवर वेळेत औषधं मिळू लागली, आणि मुख्य म्हणजे ही मुलं घरात वाढू लागली. म्हणजे आमच्या आईवडिलांनी आयुष्यभर जी आखणी केली, ती बाळू आधी जाईल असं धरून. "आमच्यानंतर कोण?" हा प्रश्न पालकसभांतून आज दर दहा मिनिटांनी निघतो, पण त्यांच्या पिढीला तो पडलाच नव्हता.

शाळेचं म्हणाल तर पुणं भाग्यवान. सिंधूताई जोशींनी १९६४ साली अशा मुलांसाठी कामायनी ही शाळा सुरू केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्ह्यांत असं काही असतं हेही माहीत नव्हतं. पण शाळा सकाळची आणि लहानपणाची. पन्नाशीकडे आलेल्या माणसाने संध्याकाळी सातला कुठे असावं, याचं उत्तर या शहरात अजून थोड्याच ठिकाणी मिळतं. कोळवणच्या खोऱ्यात साधना व्हिलेज १९९४ पासून आहे, मारुंजीला नवक्षितिज आहे, तिकडे बदलापूरला पालकांनीच उभं केलेलं आधार आहे. ही नावं आमच्यासारख्या घरांत देवळांच्या नावांसारखी घेतली जातात. आणि देवळांसारख्याच तिथे रांगा.

म्हणून आम्ही फिरलो. सव्वा वर्षात नऊ संस्था. भोर रस्ता, सासवड, उरुळी कांचन, तळेगाव. मी मूळची बँकेची, त्यामुळे वही केली. पहिल्या चार संस्थांच्या पानांवर फी, डिपॉझिट, खोलीत किती खाटा, डॉक्टर कधी येतात असलं सगळं आहे. पाचव्या पानापासून वही बदलली. तिथे मी लिहिलंय : "सगळ्यांचे केस एकाच मापाचे."

हे एकदा दिसलं की मग दिसतच राहतं. तेवीस माणसं, वय बावीस ते साठ, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून एकच मशीन, एकाच दिवशी फिरलेलं. एका ठिकाणी एकाच्या शर्टाच्या कॉलरमागे धोब्याची खूण होती आणि खाली शिवलेलं नाव दुसऱ्याचं. विचारल्यावर ताई म्हणाल्या, "कपडे कॉमन असतात, भांडणं नकोत." टूथब्रशवर नावं होती, ते मात्र चांगलं वाटलं. न्हाणीघराला आतून कडी नव्हती. कडी नको हे मला समजतं, कुणाला फिट आली तर दार फोडायला लागतं. पण पडदाही नव्हता.

आणि सगळीकडे "मुलं". साठीच्या बाईसुद्धा "आमची मुलगी". मी हे बोलायची हिंमत करते आहे आणि स्वतः त्याला बाळू म्हणते, हे मला कळतं. परवा त्याच्या हनुवटीवरचे पांढरे खुंट दाढी करताना मोजले. सात. तरी बाळूच.

तुमच्यापैकी कित्येक जण मनापासून हे काम करता, हे मी पाहिलंय. रात्रपाळीला माणूस टिकत नाही. बारा हजारांत बाविसाव्या वर्षाचा पोरगा का टिकेल, तो फूड डिलिव्हरीला जातो. शेजारची प्लॉटवाली मंडळी आवाजाच्या तक्रारी करतात. नातेवाईक दिवाळीला न्यायला येत नाहीत, फोन उचलत नाहीत, फी थकवतात. आणि आम्ही खोटं बोलतो. होय, मीसुद्धा. बाळू रात्री दोनदा उठतो, कधी अंथरूण ओलं होतं, आणि गेल्या वर्षी त्याने शेजारच्या मुलाला ढकललं होतं, हे मी पहिल्या दोन संस्थांना सांगितलंच नाही. प्रवेश नाकारतील या भीतीने. तुम्ही सकाळी अकराचं रूप दाखवता, आम्ही फॉर्मवरचा बाळू दाखवतो. दोघेही नटून येतो, आणि मग तीन महिन्यांनी दोन्हीकडून "आम्हाला सांगितलं नव्हतं" म्हणून भांडतो.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण कागद बघायला मी शिकलेले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही, आणि नोंदणीचं प्रमाणपत्र सहज दिसेल अशा जागी लावायचं असतं. नऊपैकी पाच ठिकाणी ते लावलेलं होतं. दोन ठिकाणी कपाटातून काढून दाखवलं. दोघांनी "नूतनीकरणाला गेलंय" म्हणून चहा मागवला. पालकत्वाचं आम्ही बघतो आहोत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमून देते, तो अर्ज केला आहे. निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. वडील सरकारी नोकरीत होते, आईनंतर कुटुंब निवृत्तिवेतन बाळूला आयुष्यभर मिळू शकतं, त्याची कागदपत्रं तयार आहेत. थोडक्यात, पैसा आणि सह्या यांचं आम्ही निभावून नेऊ. माझ्या वहीत ज्याला रकाना नाही, ते मला तुमच्याकडून हवंय.

बाळूची संध्याकाळ सांगते. साडेपाचला चहा, बशीतून, फुंकर मारून. कप दिला तर पीत नाही. मग कोपऱ्यावरच्या बसथांब्याच्या कट्ट्यावर बसतो. कोथरूड डेपोकडे जाणाऱ्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचतो, आणि एखादी गाडी आली नाही तर घरी येऊन आईला सांगतो की आज अमुक नंबर "आजारी" आहे. दिवे लागले की घरी. शुभंकरोति. नंतर पोळ्या होईपर्यंत भांड्यांच्या रॅकमधले चमचे काढून पुन्हा लावत बसतो. साडेनऊला झोप. अंधार पडताना तो घाबरा होतो. लहानपणापासून तसंच आहे. म्हणून आईने त्या वेळेला ही सगळी कामं लावून ठेवली, एकाला एक जोडून, चाळीस वर्षं. ती माळ तुटली की तो रडत नाही. गप्प होतो, दोन दोन दिवस.

त्यात आता वय. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन प्रतींत असतं, आणि अल्झायमरशी संबंधित एक जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतच विसराळूपणा सुरू होण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. थायरॉईडही मंदावतो. मंदावला की माणूस सुस्त होतो, आणि सुस्त माणूस संस्थेत कुणाला त्रास देत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नऊ संस्थांत मी विचारलं : थायरॉईडची तपासणी वर्षातून एकदा होते का? दोन ठिकाणी "हो" आलं, तारखेसकट. एका ठिकाणी मला उत्तर आलं, "आमच्याकडे सगळे शांत असतात." शांत या शब्दाची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

सोयीबद्दल बोलते आहे, तर एक जुनी गोष्ट काढल्याशिवाय राहवत नाही. १९९४च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण होतं. शहर हादरलं, मोर्चे निघाले, संघटना रस्त्यावर आल्या. मी तेव्हा बँकेत नवी होते आणि जेवणाच्या सुट्टीत यावर जोरात वाद झाले होते. माझ्याच टेबलावरच्या एक शहाण्यासुरत्या बाई म्हणाल्या होत्या, "पण सांभाळणाऱ्यांची सोय नको का बघायला?" त्यांचं ते वाक्य मी तीस वर्षं बरोबर घेऊन फिरते आहे, कारण मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. एकाच मापाच्या केसांची त्या शस्त्रक्रियेशी तुलना कुणी करणार नाही, मीही करत नाही. पण पाचला जेवण, सहाला दिवे बंद, कॉमन कपडे, मशीन फिरवलेली डोकी, हे सगळं 'सोय' या त्याच एका शब्दातून निघतं, आणि तो शब्द कुठपर्यंत जाऊ शकतो हे पुण्याने पाहिलंय.

आणखी एक नियम बऱ्याच ठिकाणी ऐकला : पहिले तीन महिने भेटायला यायचं नाही, म्हणजे "रुळतो". कोण कशाला रुळतो? ज्याला वार कळतात पण महिने कळत नाहीत, त्याला तीन महिने म्हणजे आपली माणसं मेली. तुमचा अनुभव वेगळा असेल तर सांगा, ऐकेन. पण पंधरा दिवस राहून बघण्याची सोय, मग आठवडाभर घरी, मग पुन्हा पंधरा दिवस, असं करणाऱ्या एका संस्थेने मला सांगितलं की त्यांच्याकडे सोडून गेलेले फार थोडे.

तीच संस्था मी संध्याकाळी पाहिली. चष्म्याच्या प्रसंगानंतर मी फोनवर विचारायला लागले होते की सहानंतर आलं तर चालेल का. पाच ठिकाणी नकार आला, कारणं सभ्य होती. इथल्या बाई म्हणाल्या, "या की. पण पसारा असेल."

होताच. भिंतीचा रंग पोपडे धरून होता, ओसरीवर चपलांचा ढीग. मेथीची जुडी मधे टाकून चौघे निवडत बसले होते, त्यातला एक काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकत होता, आणि शेजारची मुलगी न बोलता त्याचं उलटं करत होती. टीव्हीवर कुठली मालिका लावायची यावरून दोघींचं जुंपलं होतं. एक गृहस्थ कोपऱ्यात पाठ करून बसले होते. विचारलं तर म्हणे, त्यांना आज कुणाशी बोलायचं नाहीये. आतून स्वयंपाकाच्या मावशी ओरडल्या, "दिन्याचं बिनतिखटाचं बाजूला काढलंय, कुणी हात लावू नका. आणि सुमन, तू दुपारी जेवली नाहीस, मला माहितीये." सव्वीस माणसांत सुमन दुपारी जेवली नव्हती, हे माहीत असलेलं माणूस तिथे होतं. मी वही पिशवीत टाकली. गोळ्यांचा तक्ता भिंतीवर होता, देणाऱ्याची सही आणि वेळ लिहिलेली, आदल्या रात्रीची एक सही राहिलेली. ती राहिलेली जागा बघून मला उलट बरं वाटलं. पाहुण्यांसाठी भरलेला तक्ता नव्हता तो. रात्रपाळीला दोघे जण, त्यातला एक तिथेच लहानाचा मोठा झालेला.

साडेआठला निघाले. कुणी झोपलं नव्हतं. जागा मात्र नाही. यादीत आमचा नंबर चौदावा.

तर माझी मागणी अशी, आणि ती एकच आहे. बघायला येणाऱ्या नातेवाइकांना संध्याकाळी सहा ते आठ या वेळात येऊ द्या. रोज नको, आठवड्यातून दोन दिवस ठेवा, पण ते दिवस वर्षभर तेच असू देत आणि येण्याआधी फोन करायची अट नको. स्वागतगीत नको, जिलबी नको. राहणाऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, मान्य. झोपायच्या खोल्यांत आम्हाला नेऊ नका. ओसरी, स्वयंपाकघर आणि जेवणाची पंगत एवढं पुरे. ज्यांच्याकडे माणूसबळ नाही म्हणून पाचला जेवणं होतात, त्यांनी तसं सांगावं. फी दोन हजारांनी वाढवून रात्रीचा दुसरा माणूस ठेवता येत असेल तर विचारा तरी आम्हाला. नऊ संस्थांपैकी एकीनेही हा प्रश्न पालकांपुढे ठेवलेला मला दिसला नाही. फीवाढीची पत्रं आली, पण ती इमारतीच्या पत्र्यासाठी.

आमच्या बाजूने मी फॉर्म खरा भरीन. रात्री दोनदा उठतो, ढकलतो, कप दिला तर चहा पीत नाही, सगळं लिहीन. कोऱ्या जागेत मावलं नाही तर मागे लिहीन.

येत्या गुरुवारी सासवडच्या बाजूच्या एका संस्थेत जाणार आहे. त्यांनी सकाळी साडेदहाची वेळ दिली होती, मी सहा मागितले आहेत, अजून उत्तर नाही. या वेळी बाळूला घेऊन जाणार आहे. त्याला सांगितलंय की तिकडेही बस येतात. त्याने लगेच विचारलं, "कुठली?" ते मला माहीत नव्हतं, म्हणून त्याने आईकडे बघितलं, आणि मग स्वतःची बशी कपाटातून काढून वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

आपली,
बाळूची ताई
कोथरूड, पुणे